वस्तादांची सही

(अंबरनाथ, नोव्हेंबर १९९४. दिनानाथ वस्तादांची जुनी तालीम. रविवारी तिचं ‘हेल्थ क्लब’ म्हणून उद्घाटन व्हायचं आहे. गुरुवारची सकाळ. दिनानाथ नव्या मशीनी पुसत आहेत. त्यांची मुलगी वृंदा दारात उभी आहे.)

वृंदा: फडकं खाली ठेवा आणि हा कागद वाचा, बाबा. दुसऱ्यांदा सांगतेय.

दिनानाथ: चौदा मशीनी आहेत, वृंदा, आणि प्रत्येकीवर पॅकिंगचा चिकटा. पोरांना हाक मारली तर कुणी क्लासला, कुणी कॉलेजला. वाच तूच, मी ऐकतो.

वृंदा: तुमचा जुना पैलवान कोंडाजीदादा, त्याच्या वाडीतल्या विहिरीचा रिपोर्ट आहे.

दिनानाथ: कसला रिपोर्ट? आणि तुला कुणी सांगितले हे उद्योग?

वृंदा: कुणी नाही. मागच्या रविवारी दादाला बघायला गेले होते. कौसावहिनींनी चहा टाकला आणि आपणहून म्हणाल्या, घाबरू नका ताई, पाणी विहिरीचं नाही, जांभूळ गावच्या पाइपलाइनला गळती आहे तिथून आणलंय. मी विचारलं, विहिरीला काय झालं? तर त्यांनी बादली ओढून दाखवली. पिवळं पाणी, बाबा. काविळीच्या माणसाचे डोळे असतात ना, तसं. मी बाटलीत भरून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या लॅबमध्ये टेस्ट लावली.

दिनानाथ: कंपनीच्या लॅबमध्ये बाहेरचं पाणी? साहेबांना कळलं तर?

वृंदा: क्रोमियम. लिटरला साडेतीन मिलिग्रॅम. प्यायच्या पाण्यात किती चालतं? पॉइंट झिरो फाइव्ह. म्हणजे सत्तर पट. औषधाचे थेंब टाकले आणि ट्यूब अशी जांभळी झाली की मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तीनदा केली.

दिनानाथ: या पट्ट्यात कारखाने काय कमी आहेत? केमिकलवाले आहेत, डाइंगवाले आहेत, जीन्स धुणारे आहेत. कुणाचं पाणी कुठून कुठं जातं, देव जाणे.

वृंदा: देवाला कशाला विचारायचं? मी नाल्याच्या काठानं चालत गेले. वाडीच्या वरच्या अंगाला क्रोमचं प्लेटिंग करणारा एकच कारखाना आहे. शेजारच्या कॅम्प पाच वस्तीतला, भगवानशेठचा. आत्ता तुमच्या हातात जो बार आहे ना, तो तिथूनच चमकून आलाय.

दिनानाथ: हळू बोल. बाहेर पेंटर बोर्ड रंगवतोय.

वृंदा: तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत. वजनांचं बघायला म्हणून गेलात, तर मागच्या दारातून नळी लावून टाकी नाल्यात सोडत होते. ‘हळद कालवल्यासारखा नाला झाला होता.’ तुमचेच शब्द आहेत.

दिनानाथ: तेव्हा मला काय ठाऊक ते काय असतं! मी व्यायाम शिकवणारा माणूस. तो म्हणाला, धुण्याचं पाणी आहे. मी म्हटलं, असेल.

वृंदा: आता ठाऊक झालं.

दिनानाथ: आता रविवार आहे! तुला कळतंय का? एकसष्ट साली आम्ही सहा जणांनी बांबू रोवून ही तालीम उभी केली. पहाटे उठून स्वतः माती चाळली, तिच्यात ताक घातलं, तेल घातलं, हळद घातली. शंभर-शंभर पोरं घुमायची इथं. आणि मागल्या वर्षी किती होती? चार. त्यातलीही दोन भावंडं. बाकीची सगळी बदलापूरला, नव्या जिममध्ये. तिथं भिंतभर आरसे आहेत, गाणी लावतात. लाल मातीत लोळायची लाज वाटते यांना. भगवानशेठ म्हणाले, मास्टरजी, मशीन मैं देता हूँ, आप सिर्फ अपना नाम दो. मी काय करायला हवं होतं? कुलूप लावून घरी बसायला हवं होतं?

वृंदा: म्हणून आखाडा खणून काढला, माती रस्त्याच्या खड्ड्यात टाकली आणि मुद्गल बंबात घातले.

दिनानाथ: वाळवी लागली होती त्यांना.

वृंदा: तीन मुद्गलांना. घातले सगळे. तीस वर्षं फिरवले पोरांनी ते. साग आणि गोडेतेल, दुसरं काय होतं त्यांत? कुणाची विहीर नासली नाही त्यांच्यापायी.

दिनानाथ: झालं तुझं? लोखंडाला क्रोम दिलं नाही तर गंजतं. घामाचे हात लागतात त्याला. जगात सगळीकडे असंच असतं.

वृंदा: जगाचं मला माहीत नाही. वाडीत तेवीस घरं आहेत. बायकांच्या हातांना भेगा पडल्यात, भाताचं रोप पिवळं होऊन बसतंय, एका म्हशीचं रेडकू पोटातच गेलं. आणि दादा. दादाचं काय झालंय ते तुम्ही बघून तरी आलात का? किती महिने झाले?

दिनानाथ: जायचंय मला. हे एकदा उरकलं की जाणार आहे.

कौसाबाई: वस्ताद हायेत का? आत येऊ? चपला हितंच काडते, फरशी नवी दिसते.

वृंदा: वहिनी! या, या. राहू द्या हो चपला. तुम्ही एकट्या आलात?

कौसाबाई: नाय, ते बी आलेत. नाक्याच्या पारावर बसवून आले.

दिनानाथ: कोंडाजी आलाय? मग आत का नाही आणलंत त्याला, कौसाबाई? त्याचीच तालीम आहे ही.

कौसाबाई: मी म्हनले त्यांना. तर म्हनाले, तितं मी उगड्या अंगानं शिरायचो, आता शाल गुंडाळून कसा शिरू. बसू दे म्हनाले पारावर. रिक्षातनं उतरून चार पावलं चालले तर पाच मिंटं दम खात हुबे हुते.

वृंदा: बसा तुम्ही. बाकावर बसा. चिकट नाही, पुसलंय.

कौसाबाई: हे समदं तेच हाय ना, शेठच्या कारखान्यातलं? ते म्हनत हुते, वस्तादांकडं माल गेलाय, त्यातले पयले बार मी काडलेत टाकीतनं. मंग पडून राह्यले. किती चकाकतं! आपलं तोंड दिसतं यात.

दिनानाथ: डॉक्टर काय म्हणाले, कौसाबाई? वृंदा काहीतरी सांगत होती.

कौसाबाई: आदी सा महिने टीबीची औषदं दिली. लघवी लाल व्हायची, बाकी फरक काय नाय. मंग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तितल्या बाईनं पयल्यांदा नाक तपासलं. म्हनाली, हा क्रोमच्या टाकीवर काम करतो का? मी म्हनले, तुमाला कसं कळलं? तर म्हनाली, नाकाचा पडदा गेलाय. वस्ताद, ह्या नाकपुडीत काडी घातली तर त्या नाकपुडीतनं निगंल. इतकं भोक. हातावर बी तशीच भोकं, खिळा मारल्यावानी. आनी फुप्फुसात गाठ हाय.

वृंदा: हे तुम्ही मला सांगितलं नाहीत रविवारी.

कौसाबाई: ते समोर हुते ना, ताई. त्यांना गाठीचं सांगितलं नाय. डॉक्टरीन म्हनाली, होळीपर्यंत. तवर दुखनं कमी व्हावं म्हनून औषद देऊ, पन कामगार इम्याचं कार्ड हाय का? मी इचारलं, कसलं कार्ड? अकरा वर्सं ते त्या टाकीवर हुबे हुते. उकळी फुटल्यावानी वाफ यायची तोंडावर. शेठ रोज गुळाचा खडा द्यायचा, नाकातलं धुऊन जातं म्हनून. कार्ड कदी दिलं नाय.

वृंदा: म्हणून लेबर ऑफिसात गेलात?

कौसाबाई: हां. ह्यांच्यासंगं टाकीवर असायचा त्या सुदामच्या बायकोनं सांगितलं, कल्यानला हापीस हाय, तितं अर्ज दे. सुदामचं नाक बी असंच गेलं हुतं, पन तो देशावर निगून गेला, त्याचं पुडं काय जालं कुनाला ठाव नाय. मी अर्ज दिला. चार तारखा जाल्या. आज एक वाजता शेवटची हाय.

दिनानाथ: आज?

कौसाबाई: आज. म्हनून तर सकाळी निगालो. वस्ताद, माजं काम तुमच्याकडं एवडंसं हाय. पाच मिंटांचं. शेठ तितं म्हनतो, हा मानूस माज्याकडं कदी कामाला न्हवताच. हजेरीच्या वहीत नाव नाय.

वृंदा: अकरा वर्षं आणि नाव नाही?

कौसाबाई: कुनाचंच नाय, ताई. ती वही दाखवायची येगळी असते. बरं, ते बी समजलं. मंग मागल्या तारखेला शेठच्या वकिलानं एक कागद दिला. सायबानं मला वाचून दाखवला. त्यात लिवलंय, कोंडाजी बाळाजी हा माझ्या तालमीत झाडलोट करायचा, कारखान्यात न्हवता. आनी त्याला लई वर्सांची तपकिरीची सवय, त्यानं त्याचं नाक सडलं. खाली सही. सायब म्हनाला, ही तुमच्या वस्तादांची सही हाय.

वृंदा: काय?

कौसाबाई: मी तितंच बोलले. म्हनले, सायब, ही सही खोटी हाय. तुमाला वस्ताद म्हाईत नायत. त्यांनी मारुतीपुडं हात धरून एकेकाकडनं शपत घेतली हाय, बिडी नाय, तंबाखू नाय, तपकीर नाय. आमच्या लग्नात माज्या सासऱ्यानं, बाळाजीबाबानं, डबी पुडं केली. त्याला हुती तपकिरीची सवय. तर हे नवरदेव बाशिंग बांदून बसलेले, म्हनाले, बाबा, वस्तादांची शपत हाय. समदा मांडव हसला. त्या मानसाला तपकिरीची सवय हुती असं वस्ताद लिवतील? सायब म्हनाला, मंग वस्तादांना घेऊन या, त्यांच्या तोंडानं सांगू दे का सही माजी नाय. म्हनून आले.

दिनानाथ: तो कागद… आहे का तुमच्याकडे?

कौसाबाई: झेरॉक्स हाय. पिशवीत घडी करून ठेवलाय. हा घ्या.

दिनानाथ: चष्मा कुठं ठेवला मी…

वृंदा: डोळ्यांवरच आहे, बाबा. द्या इकडे तो.

कौसाबाई: ताई, तुमी तर त्यांची सही जलमापास्नं बगता. शाळेच्या पुस्तकावर, सगळीकडं. खोटी हाय ना?

वृंदा: बाबांना विचारा, वहिनी.

कौसाबाई: वस्ताद?

दिनानाथ: बाहेर फार आवाज आहे. तो पेंटर शिडी ओढतोय. दार लाव जरा, वृंदा.

वृंदा: दार लावणार नाही. त्या काय विचारताहेत त्याचं उत्तर द्या.

दिनानाथ: सही माझी आहे.

कौसाबाई: नीट बगा, वस्ताद. घाई नाय. झेरॉक्स फिकट आलीय.

दिनानाथ: माझी आहे, कौसाबाई. नीट बघूनच सांगतो.

वृंदा: का? एवढंच सांगा. का?

दिनानाथ: शेठचा माणूस टाइप करून घेऊन आला. गडबडीची वेळ होती, फरशीवाले आले होते. म्हणाला, मास्टरजी, फॉर्मॅलिटी आहे, इथं सही करा. मी वाचलं नाही.

वृंदा: तुम्ही कुणाची लग्नपत्रिकासुद्धा आप्तेष्टांच्या यादीपर्यंत वाचता.

दिनानाथ: वृंदा, मोठ्यांशी—

वृंदा: वाचलंत की नाही?

दिनानाथ: वाचलं.

कौसाबाई: तपकिरीचं बी?

दिनानाथ: ते मी खोडायला सांगितलं होतं. शपथेवर सांगतो, सांगितलं होतं. झाडलोटीचं राहू दे, म्हटलं, पण तपकीर काढा. तो म्हणाला, पुन्हा टाइप करून आणतो. मग म्हणाला, टाइपवाला आज नाही, पुढं बघू. आणि मशीनींचा टेम्पो दारात उभा होता. उतरवून घेऊ की परत पाठवू, असं विचारत होता मला. असं तोंडावर विचारत होता.

वृंदा: आणि तुम्ही म्हणालात, उतरवा.

दिनानाथ: मी एकट्यासाठी केलं का ते? इथं उद्या साठ पोरं येतील. रस्त्यावर टवाळक्या करणारी पोरं येतील. त्यांना हात धरून—

कौसाबाई: शेठकडं त्यांना तुमीच लावलं हुतं ना, वस्ताद?

दिनानाथ: हो.

कौसाबाई: मला आठवतं. त्याच साली महाशिवरात्रीच्या जत्रेत त्यांनी कल्यानच्या पैलवानाला पाडलं हुतं. चांदीचं कडं मिळालं. मंग तुमी घरी आलात आमच्या, वाडीत. माज्या सासूनं तुमाला त्याच इहिरीचं पानी दिलं. तुमी दोन तांबे प्यालात, म्हनालात, वा, काय गोड पानी हाय.

दिनानाथ: गोड होतं.

कौसाबाई: म्हनालात, पोराचं बळ नुसतं शेतावर फुकट जातंय. माज्या वळखीत एक कारखाना हाय, त्याला ताकदीचा मानूस पायजे. वले बार टाकीतनं वर उचलायला. दुसऱ्यांना दोगं लागतात, हा एकटा उचलंल. सासरा म्हनाला, शेती कोन बगनार? तर हे म्हनाले, वस्ताद सांगतात म्हंजी चांगलंच आसंल.

दिनानाथ: माझ्या मनात चांगलंच होतं, कौसाबाई. माझा सगळ्यात चांगला पोरगा होता तो. त्याच्यासारखा दुसरा मला मिळाला नाही. पक्की नोकरी लागावी, दूध-तूप नीट मिळावं, एवढंच होतं माझ्या मनात.

कौसाबाई: हां. तवा चांगलंच हुतं. ते मी मानते.

वृंदा: मग आत्ता चला, बाबा. साडेदहा झालेत. रिक्षानं गेलो तर बारापर्यंत कल्याण. तिथं सांगा, हे पत्र खोटं आहे, माझ्याकडून लिहून घेतलंय, मीच कोंडाजीला त्या कारखान्यात लावला आणि अकरा वर्षं तो टाकीवर होता. चार वाक्यं आहेत. नाल्याचं सांगाल तर पाच.

दिनानाथ: तू म्हणतेस ते बरोबर आहे.

वृंदा: मग उठा.

दिनानाथ: बरोबर आहे. पण आज नको. ऐक माझं. रविवारी शेठ प्रमुख पाहुणे आहेत. पत्रिका वाटल्यात, मांडववाला ठरलाय. आज मी तिथं उभा राहिलो तर संध्याकाळी टेम्पो येईल आणि हे सगळं उचलून नेईल. जागेचा कागदसुद्धा त्यांच्याच ओळखीनं झालाय. माझ्या हातात काय राहील? खाली आखाडासुद्धा नाही आता. नुसती फरशी. कौसाबाई, रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी मी स्वतः येतो कल्याणला. तुम्ही फक्त आज तारीख पुढं घ्या.

कौसाबाई: आजची शेवटची हाय, वस्ताद. सायब म्हनाला, कागदाला कागदानं उत्तर द्या, नायतर अर्ज बंद.

दिनानाथ: मी चिठ्ठी देतो साहेबांना. सोमवारपर्यंत थांबा म्हणून.

वृंदा: चिठ्ठीत काय लिहिणार? आरसे लावून होईपर्यंत थांबा?

दिनानाथ: टोमणे मारू नकोस! तुझ्या पगारावर नाही चालली ही तालीम, माझ्या रक्तावर चाललीय. तेहतीस वर्षांत मी काही मागितलं नाही कुणाकडे. साठी आली माझी. एकदा, एकदाच मी—

वृंदा: बरं. राहू दे. वहिनी, मी येते तुमच्याबरोबर.

कौसाबाई: तुमी येऊन काय करनार, ताई?

वृंदा: मी बारावीत होते, तेव्हा बाबांनी जत्रेच्या कुस्त्यांचा निरोप देऊन मला कॅम्प पाचला धाडलं होतं. कारखान्यात शिरले तर दादा टाकीवर उभा होता. पायात गमबूट, तोंडाला काही नाही, हात कोपरापर्यंत पिवळे. मला म्हणाला, ताई, लांब राहा, ड्रेसवर उडेल. मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतरही दोनदा पाहिलंय. ते मी लिहून देईन. आणि विहिरीचा रिपोर्ट जोडीन.

दिनानाथ: तो रिपोर्ट कंपनीच्या लॅबमधला आहे. नोकरी जाईल तुझी.

वृंदा: साध्या कागदावर लिहिलाय, माझ्या नावानं. विचारलं कुठं टेस्ट केली, तर सांगेन. गेली तर गेली.

दिनानाथ: म्हणजे मी एक लिहिलंय आणि माझी मुलगी दुसरं लिहिणार? माझ्या सहीच्या विरुद्ध उभी राहणार तू?

वृंदा: विरुद्ध नाही. शेजारी. तुमच्या सहीशेजारी माझी करीन. आडनाव एकच आहे. साहेबांनी ठरवावं कुणाचं खरं मानायचं ते.

दिनानाथ: नाही मानणार. वस्तादाचं सोडून एका पोरीचं कोण मानणार?

वृंदा: कदाचित नाही मानणार. चला, वहिनी.

कौसाबाई: थांबा, ताई. एक बोलून घेऊ दे मला. वस्ताद, त्यांना हे म्हाईत नाय.

दिनानाथ: काय माहीत नाही?

कौसाबाई: कागदात काय लिवलंय ते. हापीस वरच्या माळ्यावर हाय, जिना चढवत नाय त्यांना. तारखेला ते घरीच ऱ्हातात. मी घरी आले तर म्हनाले, काय जालं? मी म्हनले, वस्तादांच्या नावानं कुनीतरी खोटी सही केलीय. तर किती रागवले! इतका राग मी अकरा वर्सांत बगितला न्हवता. शेठवर बी कदी असं रागवले नायत. म्हनाले, माजं काय बी करा, वस्तादांचं नाव घेतो म्हंजी काय? म्हनून आज आले. नायतर चार तारखांना आले नायत ते.

दिनानाथ: माझ्यासाठी आलाय तो?

कौसाबाई: हां. तुमाला कुनी फसवतंय ते तुमाला सांगाया.

वृंदा: वहिनी, दादाला कळायला हवं. त्याच्यापासून कशाला लपवायचं? त्याचा हक्क आहे तो.

कौसाबाई: असंल, ताई. हक्क असंल. पन होळीपर्यंत किती दीस ऱ्हायले? त्यांचं काय ऱ्हायलंय आता? वास येत नाय, चव लागत नाय. बाजरीची भाकर आनी नाचनीची भाकर सारकीच लागते. अंगात बळ हुतं ते गेलं. परवा घागर उचलाया गेले आनी खाली बसले, कुनी बगितलं का म्हनून इकडं तिकडं बगत हुते. दुपारी पडल्या पडल्या ह्या तालमीचंच बोलतात. कुनी कुनाला कसा डाव टाकला. वस्ताद पाटीत कसा गुद्दा मारायचे. तेवडंच ऱ्हायलंय, ते बी मी काडून घेऊ? मी सांगनार नाय.

दिनानाथ: मग काय सांगाल त्याला?

कौसाबाई: सही तुमची न्हवती, असं सांगीन. वस्तादांना लई वाईट वाटलं, म्हनीन. ताईला पाठवलं आपल्या वतीनं, म्हनीन.

वृंदा: माझ्यासमोर असं म्हणू नका, वहिनी. मला नाही ऐकवणार.

कौसाबाई: तुमी गप ऱ्हावा फक्त. रिक्षात पुडं बसा, मी त्यांच्याशेजारी बसते.

दिनानाथ: कौसाबाई, मी येतो. थांबा, मी येतोच. कोट कुठं आहे माझा?

वृंदा: येताय?

दिनानाथ: येतो म्हणजे… कल्याणपर्यंत येतो. वर ऑफिसात काय बोलायचं ते वाटेत बघू. शेठला एक फोन करून विचारतो आधी, काही मधला मार्ग—

वृंदा: राहू दे, बाबा.

दिनानाथ: राहू दे काय? मी प्रयत्न करतोय ना!

कौसाबाई: नका येऊ, वस्ताद. वर जाऊन तुमी खरं बोलनार असाल तर या. मंग त्यांना कळलं तरी चालंल, मी सांबाळून घेईन. म्हनीन, तुमचा वस्ताद चुकला पन हुबा राह्यला. ते त्यांना समजंल, कुस्तीतला मानूस हाय. पन मधल्या मार्गाला येऊ नका. मधल्या मार्गावर आमीच हाये अकरा वर्सं.

वृंदा: बाबा, शेवटचं विचारते. वर येऊन खरं बोलाल?

दिनानाथ: सोमवारी.

वृंदा: बरं. वहिनी, झेरॉक्स पिशवीत ठेवा. मी माझा कागद घेतला. पेन आहे.

कौसाबाई: ताई, तुमची आई असती तर तिनं तुमाला जाऊ दिलं असतं का?

वृंदा: ती माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली असती. चला, अकरा होतील.

दिनानाथ: रात्री जेवायला येशील ना, वृंदा?

वृंदा: येईन. कुठं जाणार दुसरीकडे?

दिनानाथ: आणि रविवारी? तुझ्या हातून दिवा लावायचं ठरवलं होतं मी.

वृंदा: शेठला सांगा लावायला.

कौसाबाई: येते, वस्ताद.

दिनानाथ: कौसाबाई, पारापर्यंत येऊ का मी? काही बोलणार नाही. नुसता भेटतो त्याला. पाठीवर हात ठेवतो आणि परत येतो.

कौसाबाई: नका. तुमाला बगून ते पाया पडाया वाकतील. आनी वाकले का खोकला आवरत नाय त्यांना.